स्विचची साक्ष: पाहणं, बदलणं आणि जतन करणं

 

आजचा विषय जाहीर झाला आणि एका जुन्या विद्यार्थ्याचा अकोल्याहून फोन आला. म्हणाला, "सर, तुमी आयुष्यभर आमाले न्यायदर्शन शिकवलं, अन् आता नेटवर्कचा स्विच?" प्रश्न रास्त आहे. आम्ही काही अभियंते नाही. तत्त्वज्ञान शिकवण्यात आमची सारी नोकरी गेली. पण निवृत्तीनंतर एक प्रसंग असा आला, की या लोखंडी डब्याशी बोलायला शिकावंच लागलं. आणि बोलायला लागल्यावर ध्यानात आलं, की वर्गात जे प्रमाणशास्त्र आपण फळ्यावर मांडत होतो, ते इथं रोज वापरात आहे. एखादी गोष्ट आपल्याला कळली हे कशावरून म्हणायचं? तोच प्रश्न इथंही आहे.

आधी प्रसंग सांगतो.

काही वर्षांपूर्वी वऱ्हाडातल्याच एका महाविद्यालयानं आम्हांला तीन जणांच्या चौकशी समितीवर बोलावलं. जूनचे दिवस. पाऊस यायचा होता. प्रवेशाचे अर्ज ऑनलाईन भरायचा शेवटचा दिवस, आणि आजूबाजूच्या खेड्यांतली पोरं-पोरी सकाळच्या एसटीनं येऊन संगणक प्रयोगशाळेत रांगेत उभी. ११ वाजून ४० मिनिटांनी वीज गेली. यूपीएसच्या बॅटऱ्या केव्हाच निकामी झालेल्या. १२ वाजून १० मिनिटांनी वीज परत आली. कार्यालयातलं इंटरनेट सुरू झालं, प्रयोगशाळेतलं झालं नाही. चोवीस संगणक चालू, पण एकावरही अर्जाचं पान उघडेना. संध्याकाळी दुसऱ्या खोलीतून तात्पुरती तार ओढून काम चालवलं, पण तोवर कितीतरी जणांचे अर्ज राहून गेले होते.

आता असं झालं की माणसं दोषी शोधतात. प्रयोगशाळेत एक कंत्राटी सहायक होता, विशीतला पोरगा. वीज गेली तेव्हा त्याला स्विचच्या खोलीतून बाहेर येताना एका शिपायानं पाहिलं होतं. तेवढं पुरलं. "यानंच काहीतरी केलं," असं ठरून गेलं. त्याला काढून टाकण्याचं पत्र टाईप होऊन तयार होतं. समितीच्या तिसऱ्या सहीची जागा रिकामी होती. ती सही आमची.

पोरगा समोर उभा राहून एवढंच म्हणाला, "सर, म्या त्या डब्ब्याले हातबी नाई लावला जी. लाईन गेली म्हून इन्व्हर्टर पाह्याले गेल्तो."

हे शब्दप्रमाण झालं. पण बोलणाऱ्याचा त्यात स्वार्थ आहे, म्हणून ते कोणी मानेना. शिपायाचं पाहणं हे प्रत्यक्ष खरं, पण त्यानं पाहिलं काय? पोरगा खोलीतून बाहेर आला, एवढंच. त्यावरून 'त्यानं बिघडवलं' हे अनुमान, आणि तेही कच्चं. मग आम्ही विचारलं, की ज्याच्याबद्दल हा सगळा वाद आहे त्या स्विचला कोणी काही विचारलं का? सगळे हसले. स्विचला काय विचारायचं?

स्विचला विचारता येतं. कसं, तेच आज सांगायचं आहे.

स्विच म्हणजे काय

आधी स्विच करतो काय ते पाहू. पूर्वी संगणक जोडायला हब नावाची पेटी असायची. हब म्हणजे गावातली दवंडी. एकासाठी आलेला निरोप साऱ्या गावाला ऐकवायचा. ज्याचा असेल त्यानं घ्यायचा, बाकीच्यांनी सोडून द्यायचा. स्विच हा पोस्टमनसारखा. कोणतं घर कुठं हे त्याला माहीत असतं, म्हणून निरोप त्याच दारात टाकतो.

हे त्याला कसं माहीत होतं? प्रत्येक संगणकाच्या नेटवर्क कार्डाला ४८ बिटांचा एक पत्ता असतो, त्याला मॅक ॲड्रेस म्हणतात. एखाद्या पोर्टातून निरोप आत आला, की स्विच पाठवणाऱ्याचा पत्ता पाहतो आणि आपल्या वहीत टिपतो: हा पत्ता पाच नंबरच्या पोर्टावर राहतो. पुढं त्या पत्त्यासाठी काही आलं, की थेट पाच नंबरला. ज्याचा पत्ता वहीत नाही, त्याच्यासाठी मात्र तोही दवंडीच देतो. आणि एखादा बराच वेळ बोलला नाही, तर त्याची नोंद पुसून टाकतो. साधारणपणे ३०० सेकंदांत. म्हणजे जो बोलतो तोच स्विचला कळतो. गप्प बसणारा त्याच्या लेखी नाहीच.

या यंत्राच्या इतिहासात एक नाव आहे, मराठी माणसाला ते ऐकून गंमत वाटेल. १९९० च्या सुमारास बाजारात आलेला पहिला अनेक पोर्टांचा इथरनेट स्विच सात पोर्टांचा होता, आणि तो काढणाऱ्या अमेरिकेतल्या कंपनीचं नाव 'कल्पना'. तिच्या दोन संस्थापकांपैकी एक, विनोद भारद्वाज, भारतीय वंशाचे. पत्नीच्या नावावरून कंपनीला हे नाव दिलं. १९९४ मध्ये सिस्कोनं ती विकत घेतली.

आणखी एक शब्द लागेल: व्हीलॅन. एकाच वाड्यात दोन बिऱ्हाडं राहावीत, तसे एकाच स्विचवर दोन वेगळे गट राहतात. पहिले काही पोर्ट कार्यालयाचे, पुढचे प्रयोगशाळेचे. दोघांमध्ये विटांची भिंत नाही. ती भिंत नुसत्या शब्दांनी उभी केलेली असते, आणि शब्द पुसले की भिंतही नाहीशी होते. आमच्या प्रकरणाची गुरुकिल्ली इथं आहे.

काळ्या पडद्याची खिडकी

शेजारच्या तंत्रनिकेतनातून एका तरुण शिक्षकांना आम्ही बोलावलं. त्यांनी पिशवीतून एक चपटी निळी तार काढली, एक टोक स्विचच्या कन्सोल पोर्टात घातलं, दुसरं आपल्या लॅपटॉपला. काळा पडदा उघडला आणि त्यावर एक ओळ लुकलुकू लागली. हीच कमांड लाईन. चित्रं नाहीत, बटणं नाहीत. तुम्ही एक ओळ टाईप करायची, स्विच उत्तर देणार. कमांड अर्थात रोमन लिपीत लिहायच्या असतात. इथं आपण त्यांचे उच्चार देवनागरीत घेऊ. कंपनीगणिक शब्द थोडे बदलतात. आम्ही सांगतो आहोत ते सिस्कोच्या पद्धतीचे, पण बऱ्याच कंपन्यांचे शब्द त्यांच्याच वळणाचे आहेत.

आम्ही विचारलं, "अहो, याला वेबपान नाही का? माऊसनं टिचकी मारली की झालं." ते म्हणाले, "आहे ना सर. पण वेबपान नेटवर्कवरून उघडतं. नेटवर्कच बंद पडलं तर ते उघडणार कसं? ही तार नेटवर्कवर अवलंबून नाही." आम्हांला ते फार पटलं. ज्या गोष्टीची परीक्षा करायची, तिच्यावरच परीक्षेची सारी भिस्त ठेवू नये.

त्या ओळीच्या सुरुवातीला एक खूण असते, तिच्याकडे लक्ष ठेवायचं. > अशी खूण असेल, तर तुम्ही ओसरीवर आहात: थोडंफार पाहू शकता. 'एनेबल' म्हणून पासवर्ड दिला की # ही खूण येते: आता माजघरात आलात, सगळं पाहता येईल. मग 'कॉन्फिगर टर्मिनल' म्हटलं की खुणेच्या आधी कंसात 'कॉन्फिग' असा शब्द दिसू लागतो. म्हणजे आता तुमच्या हातात कुऱ्हाड आहे. इथं लिहिलेली ओळ माहिती विचारत नाही, स्थिती बदलते.

आमच्या दर्शनांत ज्ञान आणि कर्म यांवर केवढा वाद आहे! इथं त्या दोहोंसाठी दोन खोल्याच केल्या आहेत. 'शो' या शब्दानं सुरू होणारी कमांड पाहते. 'कॉन्फिग'च्या खोलीतली कमांड करते. पहिला नियम तो: शक्य तितकं पाहून घ्या, मगच दुसऱ्या खोलीत पाय ठेवा.

नवख्याला सर्वांत उपयोगी कमांड म्हणजे नुसतं प्रश्नचिन्ह. कुठंही अडलात की ? दाबा, इथून पुढं कोणकोणते शब्द चालतील याची यादी स्विच स्वतःच देतो. विद्यार्थ्यांनी प्रश्न विचारावा म्हणून आम्ही चाळीस वर्षं घसा कोरडा केला. या यंत्रानं ती सोय पहिल्याच दिवसापासून ठेवली आहे. (हशा)

तीन प्रश्न

त्या दुपारी आम्ही स्विचला तीन प्रश्न विचारले. बुधवारचे ३ वाजून १० मिनिटं झाली होती. वीज गेली होती सोमवारी.

पहिला प्रश्न, 'शो व्हर्जन'. स्विच कोणत्या जातीचा, त्यात कोणती प्रणाली, हे तर त्यात येतंच; पण तो शेवटचा सुरू झाल्याला किती वेळ झाला, हेही येतं. उत्तर आलं: २ दिवस, ३ तास. मागं मोजा. सोमवारी १२ वाजून १० मिनिटांच्या आसपास. ग्रंथालयाच्या वहीत वीज आल्याची हीच वेळ कोणीतरी पेनानं लिहून ठेवली होती. आणि पुन्हा सुरू होण्याचं कारण म्हणून स्विच सांगत होता: वीज मिळाली म्हणून. कोणी कमांड देऊन त्याला बंद केलेलं नव्हतं.

सुदैव एवढंच, की मधल्या दोन दिवसांत वीज पुन्हा गेली नाही. गेली असती तर मोजणी परत शून्यापासून सुरू झाली असती, आणि ही साक्षही पुसली गेली असती.

दुसरा प्रश्न, 'शो लॉगिंग'. स्विच आपल्या आयुष्यातल्या घडामोडी टिपून ठेवतो: अमुक पोर्ट चालू झाला, अमुक बंद पडला, कोणी तरी कॉन्फिगच्या खोलीत जाऊन आलं. पण ही टिपणं तात्पुरत्या स्मृतीत असतात. वीज गेली की गेली. त्यामुळं सोमवारी सकाळचं तिथं काहीच नव्हतं. जे होतं त्याची तारीखही चुकीची: १ मार्च! अनेक स्विचना स्वतःची घड्याळाची बॅटरी नसते. कोणी वेळ लावून दिली नाही, तर ते प्रत्येक वेळी एका ठरावीक तारखेपासून मोजायला लागतात. साक्षीदार खोटं बोलत नव्हता, त्याच्याजवळ पंचांग नव्हतं.

तिसरा प्रश्न, 'शो व्हीलॅन ब्रीफ'. कोणता पोर्ट कोणत्या बिऱ्हाडात, याची यादी. इथं सगळे चमकले. यादीत २० नंबरचं व्हीलॅन होतं, त्याला 'लॅब' असं नावही होतं. पण त्याच्यापुढं एकही पोर्ट नव्हता. सारे पोर्ट मूळच्या १ नंबरच्या व्हीलॅनमध्ये. म्हणजे दारावर नावाची पाटी आहे, आत माणूस नाही. कोणी तरी हे घर बांधलं होतं, त्यात बिऱ्हाडही ठेवलं होतं. मग ते गेलं कुठं?

दोन स्मृती

याचं उत्तर स्विचच्या दोन स्मृतींत आहे.

स्विच या घडीला ज्या नियमांनी चालतो आहे, त्यांना 'रनिंग-कॉन्फिग' म्हणतात. ते तात्पुरत्या स्मृतीत असतात. सुरू होताना तो जे वाचून उभा राहतो, ते 'स्टार्टअप-कॉन्फिग'. ते वीज गेली तरी टिकतं. तुम्ही एखादा बदल केला, की तो लगेच लागू होतो. पण लागू होतो फक्त पहिल्या स्मृतीत. दुसऱ्या स्मृतीत नेण्यासाठी वेगळी कमांड द्यावी लागते: 'कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग'. ती दिली नाही, तर सगळं सुरळीत चालतं. दिवस, महिने, वीज जाईपर्यंत.

आणि एक बारकावा आहे. आमच्या स्विचसारख्या अनेकांत व्हीलॅनचा नंबर आणि नाव वेगळ्या फायलीत आपोआप जतन होतं. पण कोणता पोर्ट त्यात, हे मात्र रनिंग-कॉन्फिगमध्येच असतं. म्हणून वीज गेल्यावर पाटी राहिली आणि बिऱ्हाड गेलं.

मग जुनी फाईल काढली. डिसेंबरमध्ये पुरवठादाराचा माणूस येऊन गेल्याचा कागद सापडला. त्यावर लिहिलं होतं: प्रयोगशाळेचे पोर्ट वेगळे केले. 'शो स्टार्टअप-कॉन्फिग' पाहिलं, तर त्यात या कामाचा मागमूस नाही. काम झालं होतं, जतन झालं नव्हतं. डिसेंबर ते जून वीज लांबली तेव्हा यूपीएसनं वेळ मारून नेली. बॅटऱ्या संपल्या आणि पहिल्याच मोठ्या खंडात सहा महिन्यांपूर्वीची चूक उघडी पडली.

एवढ्यावर कोणी म्हणेल, हे तुमचं अनुमान झालं. बरोबर आहे. म्हणून आम्ही अन्वय-व्यतिरेक करून पाहिला. न्यायशास्त्रात हा शब्द आहे: कारण असताना कार्य होतं का, आणि कारण नसताना होत नाही का, हे दोन्ही तपासायचं. तंत्रनिकेतनातल्या सरांनी पोर्ट पुन्हा २० नंबरमध्ये घातले, जतन केलं नाही. प्रयोगशाळेत अर्जाचं पान उघडलं. मग स्विचची पिन काढली, पुन्हा लावली. चार-पाच मिनिटांनी पाहतो तर पान बंद, पोर्ट परत १ नंबरमध्ये. हा झाला अन्वय. परत पोर्ट घातले, या वेळी जतन केले. पिन काढली, लावली. पान उघडलं. हा व्यतिरेक.

खोलीत कोणी बोललं नाही. ज्यांनी पत्र टाईप करायला सांगितलं होतं, तेही नाही.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. पोरानं हात लावला नाही, हे स्विचनं सिद्ध केलं नाही. ते त्याला सांगता येण्यासारखं नव्हतंच. त्यानं सिद्ध केलं ते एवढं, की कोणीही हात न लावता, नुसती वीज गेल्यानं, हुबेहूब हेच घडणार होतं. पुरेसं कारण सापडलं, की आणखी एक दोषी कल्पायची गरज उरत नाही.

पाहणंही नेहमी निरुपद्रवी नसतं

आता थोडं सावधगिरीचं. आम्ही म्हटलं, 'शो' पाहते आणि 'कॉन्फिग' करते. याला काही अपवाद आहेत. 'डीबग' नावाची कमांड आहे. ती स्विचला म्हणते, जे जे घडतंय ते ते लगेच बोलून दाखव. गर्दीच्या वेळी ती चालू केली, तर बोलण्यातच स्विचची शक्ती संपते आणि काम अडतं. पाहण्याच्या नादात पाहण्याची वस्तूच बिघडली.

मोठं उदाहरण ४ ऑक्टोबर २०२१ चं. त्या दिवशी फेसबुक, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम जगभर साधारण सहा तास बंद होते, आठवत असेल. कंपनीनं नंतर स्वतःच सांगितलं, की नेहमीच्या देखभालीत जाळ्याची क्षमता तपासण्यासाठी एक कमांड दिली गेली, आणि तिनं त्यांच्या डेटा सेंटरांना जोडणारे सारे दुवेच तोडले. अशी चुकीची कमांड अडवणारी तपासणी होती, पण त्या तपासणीतच दोष होता. दुरून दुरुस्ती करायची वाट त्याच जाळ्यातून जात होती, म्हणून अभियंत्यांना प्रत्यक्ष जागेवर जावं लागलं. आमच्या निळ्या तारेचं महत्त्व तिथं कळतं.

बदलताना एका शब्दाचं किती मोल असतं, तेही पाहा. दोन स्विचना जोडणाऱ्या तारेवरून १० आणि २० नंबरची व्हीलॅन जात आहेत. तुम्हांला ३० नंबर वाढवायचं आहे. कमांड आहे 'स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ॲड ३०'. यातला 'ॲड' विसरलात, तर अर्थ होतो: फक्त ३०, बाकी सगळी बंद. आणि तुम्ही स्वतः १० नंबरवरून दुरून बोलत असाल, तर पुढचा शब्द बोलायलाही वाट राहत नाही. बसल्या फांदीवर कुऱ्हाड.

यावर अनुभवी मंडळींची एक युक्ती आहे, आम्हांला ती फार आवडली. जोखमीचा बदल दुरून करण्याआधी 'रीलोड इन १०' अशी कमांड द्यायची. म्हणजे दहा मिनिटांनी स्वतःहून बंद होऊन परत सुरू हो. मग बदल करायचा, जतन न करता. सगळं ठीक असेल तर 'रीलोड कॅन्सल' म्हणायचं आणि मग जतन करायचं. वाट तुटली असेल तर स्वस्थ बसायचं; दहा मिनिटांनी स्विच जुन्या नियमांवर परत येतो. जतन न होण्याचा जो गुण त्या पोराच्या गळ्याशी आला होता, तोच इथं जीव वाचवतो. गुण आणि दोष वस्तूत कमी, वापरणाऱ्याच्या जाणतेपणात जास्त.

नाव, वेळ आणि प्रकरण

चौकशीत एक गोष्ट लाजिरवाणी निघाली. स्विचचा पासवर्ड एकच होता, आणि तो कागदावर लिहून रॅकलाच चिकटवला होता. म्हणजे कोणी काय केलं हे कोणालाच कधी कळणार नाही, अशी व्यवस्था आपणच केलेली. आणि मग संशय सर्वांत खालच्या माणसावर. तेव्हा प्रत्येकाला त्याच्या नावाचं वेगळं खातं द्या. हे लोकांवर पाळत ठेवण्यासाठी नाही. निरपराध माणसाला आपलं निरपराधपण दाखवता यावं, म्हणून.

दुरून जोडताना टेलनेट वापरू नका. त्यात पासवर्ड उघड्या पोस्टकार्डासारखा जातो. एसएसएच वापरा. १९९५ मध्ये फिनलंडच्या तातू युलोनेन यांनी ते लिहिलं, तेच मुळी त्यांच्या विद्यापीठाच्या जाळ्यावर पासवर्ड चोरण्याचा प्रकार झाल्यावर.

स्विचला एनटीपीनं वेळ लावून द्या, म्हणजे १ मार्चचा घोळ होणार नाही. आणि त्याची टिपणं सिसलॉगनं दुसऱ्या संगणकावर पाठवा, म्हणजे वीज गेली तरी साक्ष राहील. त्या टिपणांना ० ते ७ अशा पायऱ्या असतात: ० म्हणजे हाहाकार, ७ म्हणजे डीबगची बारीक कुजबुज. किती खालपर्यंत ऐकायचं, ते तुम्ही ठरवा.

आणि शेवटचं, का केलं ते लिहा. प्रत्येक पोर्टाला 'डिस्क्रिप्शन' ही कमांड देऊन एक ओळ लिहिता येते: 'प्रयोगशाळा, खिडकीकडची रांग'. आपल्या अमरावती जिल्ह्यात रिद्धपूर आहे, महानुभावांचं तीर्थ. चक्रधरस्वामींची वचनं केशोबासांनी सूत्रपाठात संकलित केली. सूत्रं अगदी छोटी. पण परंपरेला कळलं होतं, की सूत्र कोणत्या प्रसंगी निघालं हे माहीत नसेल, तर अर्थ निसटतो. म्हणून प्रकरणवश नावाचा ग्रंथप्रकार आला: कोणतं वचन कोणत्या प्रसंगाचं, ते सांगणारा. कमांडही सूत्रासारखीच आखूड असते. सहा महिन्यांनी तिच्याकडं पाहणाऱ्याला तिचं प्रकरण कोण सांगणार? ते त्याच दिवशी लिहून ठेवावं लागतं.

आपल्या उन्हाळ्यात

रोजची देखरेख म्हणजे काय, असं मंडळी विचारतात. 'शो इंटरफेसेस स्टेटस' दिलं की कोणता पोर्ट जोडलेला, कोणता नाही, ते एका नजरेत दिसतं. एखाद्या पोर्टाच्या तपशिलात सीआरसी त्रुटींचा आकडा वाढत असेल, तर बहुधा तार खराब आहे किंवा तिचं टोक नीट दाबलेलं नाही. 'शो मॅक ॲड्रेस-टेबल'नं कोणतं यंत्र कोणत्या पोर्टावर बोलतंय ते सापडतं. स्विच बरेच असतील तर १९८८ पासून रूढ असलेली एसएनएमपी ही पद्धत आहे. एक संगणक ठरावीक वेळानं सर्वांची विचारपूस करत राहतो.

अकोला-अमरावतीसाठी मात्र आम्ही एक कमांड पाठ करायला सांगू: 'शो एन्व्ही टेम्परेचर', तापमान. कार्यालयात वापरायचे पुष्कळ स्विच ४५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. आपल्याकडं मे महिन्यात सावलीतला पारा तिथवर सहज जातो, आणि आपण स्विच ठेवतो कुठं? जिन्याखाली, बंद कपाटात, वर जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. त्या डब्याला घाम येत नाही, तो तक्रारही करत नाही. विचारलं तरच सांगतो.

त्या पोराचं पुढं काय झालं, हे तुम्ही विचारालच. पत्र फाडलं गेलं. ज्यांचे अर्ज राहिले त्या विद्यार्थ्यांसाठी महाविद्यालयानं कारणासह विनंती पाठवली. पोरगा कामावर राहिला, आणि त्या तंत्रनिकेतनातल्या सरांनी त्याला ती निळी तार देऊन टाकली. पुढं तोच दर शनिवारी स्विचचं रनिंग-कॉन्फिग आणि स्टार्टअप-कॉन्फिग ताडून पाहायचा आणि वहीत लिहायचा. आम्ही एकदा सहज विचारलं, जमतं का? म्हणाला, "जमते जी. आधी पाह्यतो, मंग करतो, मंग लिवतो."

यापेक्षा नेमका सारांश आम्हांला देता येणार नाही. आमची सही त्या कागदावर होता होता राहिली, ती कोणाच्या हुशारीनं नाही. साक्षीदार समोर होता आणि त्याला कसं विचारायचं हे एका माणसाला माहीत होतं, म्हणून. तुमच्या शाळेत, बँकेत, ग्रामपंचायतीत असा एक डबा असेलच. त्याला विचारायला शिका, नाहीतर शिकलेल्या माणसाला बोलवा. पण विचारण्याआधी कोणाच्या नावानं पत्र टाईप करू नका.

आता तुमचे प्रश्न घेऊ.